भिंतीवरची दुसरी जोडी

सिदोनीच्या खानावळीत चुलीच्या उजव्या अंगाला एक चित्र टांगलेलं आहे. काळ्या रेघांचं, वीतभर उंच, दीड वीत लांब. ओहोटीची उघडी वाळू, वर करडं आभाळ आणि मधोमध एक माणूस, खांद्यावर जाळ्याची काठी टाकून पाठमोरा चाललेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'एकटा कोळी'. पॅरिसहून येणारे लोक चष्मा चढवून ते बघतात, मान डोलावतात आणि मग हमखास नाक मुरडतात. कारण खालच्या कोपऱ्यात दगडी भिंतीवर लाकडी जोड्यांची एक जोडी फार सुरेख उतरली आहे, भेगा, तारेचे वेढे सगळं दिसतं, आणि तिला लागूनच कुणीतरी कोळशानं दुसरी जोडी खरडून ठेवली आहे. भोपळ्यासारखी. मागं एक गृहस्थ म्हणाले, असं चित्र नासवणाऱ्याचे हात तोडायला हवेत. सिदोनीनं त्यांच्यापुढचं अर्धं धिरडं उचललं आणि म्हणाली, "तुमचं जेवण झालं, साहेब."

हात कुणाचे ते आमच्या व्हारेन गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाहेरच्याला सांगायचं नाही अशी आमच्याकडे खोड आहे, आणि त्या खोडीपायीच एकदा एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती. तो चित्रातला माणूस. ओनोरे व्होतिये.

व्हारेनच्या पुढं समुद्र दिवसातून दोनदा दिसेनासा होतो. ओहोटी लागली की कोस-दोन कोस नुसती वाळू, आणि त्या वाळूत मधोमध तोंब्लेनचा बोडका खडक. बायका तिसऱ्या-शिंपल्या उकरतात, पुरुष जवळा धरतात, आणि ज्यांच्या छातीत दम आहे ते लांब नदीच्या पात्रापलीकडं खुंट रोवून जाळी बांधतात. परगावचे लोक म्हणतात की इथली भरती घोड्यासारखी येते. घोडा परवडला, त्याचा आवाज तरी होतो. इथली भरती मांजरासारखी येते, मागून, आणि आधी खोलगट जागा भरते, म्हणजे तुम्ही कोरड्यावर उभे असता आणि तुमच्या न् गावाच्या मध्ये पाणी येऊन बसलेलं असतं.

वाळूवर अनवाणीच जायचं. बोटांना वाळूच्या लाटा कळतात, कुठली जागा घट्ट आणि कुठली गिळणारी ते तळव्याला आधी कळतं. म्हणून जाणारा प्रत्येक जण आपले लाकडी जोडे बांधावरच्या दगडी भिंतीवर काढून ठेवतो आणि परत आला की घालून घरी जातो. धुकं उतरलं की देवळातली घंटा सुरू होते, आणि भिंतीवर जोड्यांची एक जरी जोडी असली तरी ती थांबत नाही. दोन तास लागोत नाहीतर चार. आवाजाच्या रोखानं माणसं येतात, आपापले जोडे उचलतात. शेवटची जोडी गेली की भिंतीशी असलेली बाई देवळात निरोप देते आणि घंटा थांबते. घंटा थांबली म्हणजे सगळे आले. घराघरांत मग सूप वाढलं जातं. इतकी साधी गोष्ट आहे, आणि तिच्यात खोट निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ओनोरेचा जीव जायची वेळ आली त्याच्या बावीस वर्षं आधी ती खोट निघाली. तेव्हा ओनोरे छत्तिशीचा होता आणि एकटा नव्हता. त्याची आणि बाझीलची जोडी होती. दोघांची जाळी एक, खुंट एक, भांडणं एक. बाझील धिप्पाड आणि धांदरट. त्याचं घर बांधापासून तिसरं, म्हणून कधीकधी तो वाळूवरून येऊन तसाच अनवाणी घरात शिरायचा, जोडे भिंतीवरच विसरायचा, आणि घंटा वाजवणारा म्हातारा त्याला शिव्या घालायचा. त्या दिवशी धुक्यात दोघांची चुकामूक झाली. ओनोरे भिंतीशी आला तेव्हा दोनच जोड्या उरल्या होत्या, त्याची आणि बाझीलची. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते. कुणाचे होते देव जाणे. ओनोरेला वाटलं, हा गेला पुन्हा तसाच. त्यानं स्वतःचे जोडे घातले, बाझीलचे हातात घेतले आणि पोचवायला निघाला.

मागं घंटा थांबली.

दार बाझीलच्या बायकोनं उघडलं, झेफिरीननं. आत टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, घंटा थांबलेली ऐकून तिनं मांडली होती. तिनं ओनोरेच्या हातातल्या जोड्यांकडं बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. दोघांनाही एकदमच कळलं. ओनोरे देवळाकडं पळाला, घंटा पुन्हा सुरू झाली, पण मधला पाव तास गेला तो गेलाच. बाझील चौथ्या दिवशी तोंब्लेनच्या मागच्या अंगाला सापडला.

झेफिरीन त्यानंतर ओनोरेशी बोलली नाही. भांडली असती, थुंकली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही, तो रस्त्यावरून येताना दिसला की जणू रस्त्यावर कुणीच नाही. बाझीलचे जोडे परत करायला तो तीनदा गेला, तीनदा दार बंद राहिलं. मग त्यानं काय करावं? दुसऱ्या जोडीदाराबरोबर तो पुन्हा कधी वाळूवर गेला नाही, आणि जाताना रोज भिंतीवर दोन जोड्या ठेवायला लागला. एक स्वतःची, एक बाझीलची. आला की दोन्ही उचलून घरी न्यायचा. पाद्रीबाबांनी त्याला बजावलं की मेलेल्याचे जोडे मांडणं अभद्र आहे, लोक भितात. ओनोरेनं टोपी काढून सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन जोड्या मांडल्या. अशा माणसाला काय बोलणार.

पुढं घंटेवरचा म्हातारा वारला. त्याला पुरून आले त्याच संध्याकाळी झेफिरीन पाद्रीबाबांकडं गेली आणि म्हणाली, "घंटा माझ्याकडे द्या."

गावात कुजबुज झाली. होणारच. सिदोनीची आई तेव्हा जिवंत होती, ती जेवायला बसलेल्या माणसांना म्हणाली, "देव करो न् ओनोरे बाहेर असताना धुकं न पडो." पण इथं धुकं पडल्यावाचून राहतंय थोडंच. पडलं. ओनोरे बाहेर होता. घंटा वाजली, तो आला, जोडे उचलले, घंटा थांबली. असं चौदा वेळा झालं. ओनोरेनं मोजलं होतं. दर वेळी धुक्यात तो कान देऊन ऐकायचा की आज टोल हळू तर पडत नाहीत, दोन टोलांमध्ये जास्त वेळ तर जात नाही. माणूस भित्रा नव्हता, पण ही भीती त्याच्या हाडांत मुरली होती. त्याचा जीव त्या बाईच्या हातातल्या दोरावर होता, आणि त्या बाईचा नवरा त्याच्या हातून गेला होता. एक ना एक दिवस ती थांबेल, असं त्यानं मनाशी धरलंच होतं. कधी, एवढंच ठाऊक नव्हतं.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या वाट्याला तो चित्रकार आला. मोस्यू ब्रेमाँ. नोव्हेंबरात, जेव्हा शहाणा माणूस इकडं फिरकत नाही. सिदोनीकडं वरची खोली घेतली, तांब्याचे पत्रे, मेणाच्या वड्या आणि तेजाबाची बाटली मांडून बसला. पत्र्यावर काळ्या मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या, मग पत्रा तेजाबात बुडवायचा, की रेघ तांब्यात उतरते. तेजाबाचा वास खालच्या सुपापर्यंत यायचा. सिदोनी रोज कुरकुरायची आणि रोज त्याला जास्तीचं वाढायची.

त्याला ओनोरेच हवा होता. म्हणाला, "बाबा, जरा वाळूवर उभे राहा ना, मला रेखाटन करायचंय."

"उभा राहत नाही मी," ओनोरे म्हणाला.

"थोडाच वेळ."

"वाळूवर उभा राहिला त्याला वाळू खाते. चालतो मी. तुम्हाला चालताना काढता येत असेल तर काढा."

"पण चालताना तुमची पाठच दिसते."

"मग पाठ काढा. तोंडात काय ठेवलंय?"

सिदोनी हसली. चित्रकारही हसला, चांगला माणूस होता, हे खोटं कशाला सांगा. रोज सकाळी भिंतीवर बसून तो पाठमोऱ्या ओनोरेच्या दोन-चार रेघा ओढायचा, तो ठिपक्याएवढा होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष जोड्यांकडं गेलं.

"बाबा, माणूस एक आणि जोड्या दोन?"

"एक माझी."

"आणि दुसरी?"

"दुसरी माझी नाही," ओनोरे म्हणाला आणि चालायला लागला.

चित्रकारानं सिदोनीला विचारलं. एरवी सिदोनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तेव्हा तिनं खांदे उडवले आणि धिरडं उलटलं. बाहेरच्याला सांगायचं नाही. त्यामुळं जोडे म्हणजे काय, भिंत म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, जोडे म्हणजे जोडे.

सेंट मार्टिनच्या सणाच्या आधीचा दिवस. उधाणाची भरती होती. सकाळपासून तोंब्लेन फार जवळ दिसत होतं, हात लांब केला तर लागेल असं, आणि असं दिसलं की धुकं उतरतंच. सिदोनी दारात येऊन म्हणाली, "ओनोरे, खडक बघितलास?"

"बघितला."

"मग आज कशाला मरायला चाललायस?"

"जाळी अजून तिकडंच आहेत. आजच्या उधाणात खुंटासकट जातील."

"जाऊ देत की. तुझ्या घरी खाणारं कोण आहे?"

"मीच आहे," तो म्हणाला. त्यानं जोडे काढले, स्वतःचे डावीकडं, बाझीलचे उजवीकडं, टाचा भिंतीला लावून. झेफिरीन देवळाच्या पायऱ्या झाडत होती. तिनं मान वर केली नाही.

तो गेला तशी बारीक भुरभुर सुरू झाली. चित्रकाराची बोटं गारठली. त्याला त्या जुनाट जोड्यांची भूल पडली होती: तडकलेलं लाकूड, तारेचे तीन वेढे, टाच एका अंगानं झिजलेली. बावीस वर्षं ओनोरेच्या पायात होती ती जोडी. शेजारची बाझीलची बावीस वर्षं नुसती हातातून फिरली होती, तिला वापराचा नवा ओरखडा नव्हता, म्हणजे चित्रकाराच्या कामाची नव्हती. त्यानं ओनोरेची जोडी कोटाखाली घेतली, वर खोलीत नेली आणि खिडकीशी ठेवून पत्र्यावर काढायला बसला. अर्ध्या तासात परत नेऊन ठेवीन असं म्हणाला होता म्हणे, स्वतःशीच.

भिंतीवर राहिली एकच जोडी, बाझीलची.

ओनोरेनं जाळी सोडवली तोवर तोंब्लेन नाहीसं झालं होतं. आधी खडक गेला, मग नदीचं पात्र, मग त्याच्या स्वतःच्या जाळ्याचं टोक. टोपलीत लेप्या फडफडत होत्या, त्यांचाच काय तो आवाज. मग लांबून घंटेचा पहिला टोल आला. त्यानं नेहमीसारखे पहिले दहा मोजले. बरोबर पडत होते. हुश्श म्हणून त्यानं टोपली पाठीला लावली, जाळं गुंडाळलेली काठी खांद्यावर टाकली आणि आवाजाच्या रोखानं निघाला. पात्र ओलांडलं, पाणी मांडीपर्यंत होतं, म्हणजे भरतीनं आत पाऊल टाकलं होतं, पण वेळ होता. अर्धी वाट बरी झाली.

आणि घंटा थांबली.

तो दोन पावलं पुढं गेला, मग थांबला. वाटलं, दोर बदलत असेल. वाटलं, हात दुखला असेल, बावन्न-त्रेपन्नची बाई आहे. पण तिचा हात दुखून घंटा थांबली असं चौदा वेळांत एकदाही झालं नव्हतं. जोडे भिंतीवर आहेत आणि घंटा थांबली, याचा अर्थ त्याच्या हिशेबी एकच होता. आज तो दिवस होता.

त्यानं जाळं खाली टाकलं, शेवटच्या टोलाचा रोख धरून काठी वाळूवर आडवी ठेवली, टोक गावाकडं. धुक्यात माणूस सरळ चालतो म्हणतो आणि वळत जातो, म्हणून काठी. ती ठेवून तो जागच्या जागी पाय उचलत राहिला, कारण थांबायचं तर नाही. तिचा हक्क आहे, असं त्याला वाटलं. पाव तास. तेवढाच तर मागत असेल, जेवढा तेव्हा गेला होता. मग त्याला एकदम भीती वाटली, आणि हक्क-बिक्क सगळं कुठल्या कुठं गेलं. त्याला जगायचं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा, मागं रडणारं कुणी नाही, तरी जगायचं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. बाझीललाही असंच वाटलं असेल, इथंच कुठंतरी, असेच पाय उचलत.

पाणी आलं ते मागून नाही, बाजूनं आलं. आधी घोट्याला गार लागलं. मग काठी हलली. त्यानं वाकून पाहिलं तर पाण्यानं ती उचलली होती आणि हळूहळू फिरवत होतं. टोक आता कुठं होतं, गावाकडं की समुद्राकडं, काही सांगता येत नव्हतं. त्यानं काठी धरली तेव्हा पाणी पोटरीपर्यंत चढलं होतं. टोपली पाठीवरून सोडून दिली, लेप्या गेल्या. आणि मग तो ओरडला. झेफिरीनच्या नावानं. बावीस वर्षांत ते नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. धुक्यानं ते तिथल्या तिथं गिळलं.

पाणी गुडघ्याला लागलं आणि घंटा वाजली.

उजव्या खांद्याकडून. तो जिकडं समुद्र समजत होता तिकडून. एक, मग लगेच दुसरा, धडाधड, मोजायला सवड नाही असे टोल. ओनोरे वळला आणि पाणी कापत चालायला लागला. एकदा कमरेपर्यंत गेला, एकदा वाळूनं डावा पाय धरला तेव्हा काठीवर आडवा पडून त्यानं तो सोडवला. जाळं तिथंच राहिलं. हाताला बांधाचा दगड लागला तेव्हा तो रांगत होता.

भिंतीशी सिदोनी होती, डोक्यावर पोतं घेऊन. त्याला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू घरी नव्हतास?"

"घरी कसा असेन?"

"तुझे जोडे नव्हते रे भिंतीवर, बाझीलचेच होते, ते काय मोजायचे. मी म्हटलं तू आलास न् गेलास. मीच देवळात जाऊन सांगितलं, थांबव म्हणून." ती बोलता बोलता खालीच बसली. "देवा, मीच सांगितलं."

ओनोरेनं भिंतीवर हात फिरवला. उजवीकडं बाझीलची जोडी, भिजलेली, टाचा भिंतीला लावून. डावीकडं दगड मोकळा. तेवढ्यात खानावळीच्या दारातून चित्रकार धावत आला, हातात ओनोरेचे जोडे, बोटं मेणानं काळी. "बाबा, पाऊस होता म्हणून मी वर, हे काय आत्ता आणतच होतो," असं काहीतरी बोलत होता. सिदोनीनं जोडे त्याच्या हातातून हिसकावले. त्याला शिवी द्यायला तिला शब्द सुचेना, आणि सिदोनीला शब्द न सुचणं हे आम्ही तेवढं एकदाच पाहिलं.

घंटा वाजतच होती. बाझीलचे जोडे भिंतीवर होते ना.

"उचल ते," सिदोनी म्हणाली. "तोवर थांबायची नाही ती. मी निरोप घेऊन जात नाही, माझे पाय चालत नाहीत आता."

ओनोरेनं बाझीलचे जोडे उचलले आणि तसाच देवळात गेला, अनवाणी, कमरेपर्यंत ओला, हातात दुसऱ्याचे जोडे. दारात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की असाच तो एकदा तिच्या दारात उभा राहिला होता. मागं फिरावंसं वाटलं. पण झेफिरीननं त्याला पाहिलं होतं. तिनं दोर सोडला. घंटा आपली आपण दोनदा हलकी वाजली आणि गप्प झाली.

तिचे तळहात सोलले होते. तिनं ते घागऱ्याला पुसले. मग बोलली, जणू कालचंच बोलणं पुढं चालू असावं अशी.

"सिदोनी म्हणाली, तू आलास. तुझी जोडी नाही म्हणाली. मी दोर सोडला."

"सांगितलं तिनं."

"मग मी भिंतीशी गेले. हे तेवढे होते." तिनं जोड्यांकडं हनुवटीनं दाखवलं. "म्हटलं, दमला असेल. टाकून गेला शेवटी बाझीलचे. तर मी नेते घरी. पावसात कशाला."

ओनोरेचे दात वाजत होते.

"उचलले होते मी," झेफिरीन म्हणाली. तिनं दोन बोटांनी दाखवलं किती ते. "एवढे वर घेतले होते. मग वाटलं, हा बाझीलचे टाकून जाणाऱ्यातला नाही. बावीस वर्षं बघतेय मी. मग पळाले."

म्हणजे ती बघत होती.

"मला वाटलं, तू थांबवलीस," तो म्हणाला. "मुद्दाम."

"वाटलंच असेल." ती त्यावर रागावली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी म्हणायचे, याला कळायला नको? भिंतीवर जोडे आहेत म्हणजे माणूस आत आहे, हे शेंबड्या पोराला कळतं. कोण उचलील? आणि आज मी उचलले. चांगल्या मनानंच. पाणी कुठवर आलं होतं?"

"गुडघ्यापर्यंत."

"म्हणजे मी काही लवकर नाही पोचले," ती म्हणाली, आणि मग ती रडली, तोंड न झाकता. ओनोरेला वाटलं आपणही रडावं, पण थंडीनं त्याचा जबडा धरला होता. त्यानं जोडे पुढं केले.

"घे. तुझे आहेत."

तिनं ते हातात घेतले, उलटेपालटे केले, आतलं पाणी ओतून टाकलं. आणि परत त्याच्या हातात दिले.

"भिंतीवरच ठेवत जा. घरी ठेवून काय करू?"

तेवढंच. काही एकमेकांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं नाही, एका बाकावर प्रार्थनेला बसले असंही नाही. पुढच्या धुक्यात घंटा वाजली तेव्हा ओनोरेनं टोल मोजले का, ते त्यालाच ठाऊक. जाळं मात्र त्यानं नवं विणलं आणि पुन्हा एकटाच गेला. सवय झाली होती.

ईस्टरच्या आधी पॅरिसहून पुठ्ठ्याच्या नळीत ते चित्र आलं, सोबत माफीची लांबलचक चिठ्ठी. छापताना डावं-उजवं उलटतं म्हणे, त्यामुळं ओनोरेच्या डाव्या खांद्यावर काठी आली आणि भिंत भलत्याच अंगाला गेली. खानावळीत त्यावर आठवडाभर थट्टा चालली, की ओनोरे पॅरिसला जाऊन डावखुरा झाला. ओनोरे आला, बघून म्हणाला, "पाठ माझीच आहे," आणि सफरचंदाच्या दारूचा पेला संपवून कामाला गेला. कोपऱ्यातल्या एकाच जोडीकडं त्यानं जाताना पुन्हा एकदा पाहिलं.

झेफिरीन त्या खानावळीत कधी पाऊल ठेवत नसे. त्या दुपारी आली. सिदोनी भांडी घासत होती, तिनं हात थांबवले. झेफिरीननं चित्र जवळून पाहिलं, आभाळ पाहिलं, वाळू पाहिली, मग भिंत.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"शहरातला माणूस, त्याला काय कळतंय," सिदोनी म्हणाली. "सोड."

झेफिरीननं चुलीतून एक विझलेला कोळसा उचलला, चित्र खुंटीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि जीभ दातांत धरून दुसरी जोडी काढली, टाचा भिंतीला लावून. वेळ लागला तिला. जन्मात कधी काही काढलं नव्हतं. मग चित्र होतं तिथं लावलं आणि कोळसा चुलीत टाकला. सिदोनी म्हणाली, बस, थोडं सूप घे. ती म्हणाली, आता नको. खिडकीबाहेर तोंब्लेन दिसेनासं झालं होतं आणि ओनोरे बाहेर होता, तिला घंटेकडं जायचं होतं.